मानसिक आजार म्हणजे काय आणि काय नाही : निदान कसं ठरतं?

घरातल्या एखाद्या माणसाचं वागणं बदललं की त्यासाठी शब्द तयारच असतात. "डोक्यावर परिणाम झालाय", "भ्रमिष्टासारखं करतोय", "बाहेरचं काहीतरी लागलंय", "नाटकं आहेत सगळी", नाहीतर नुसतंच "टेन्शन घेतलंय". बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, मराठी घरांत हे शब्द थोड्याफार फरकाने सारखेच ऐकू येतात. पण यातल्या एकाही शब्दावरून माणूस आजारी आहे की नाही हे कळत नाही. कळतं ते एवढंच, की त्याचं वागणं आजूबाजूच्यांना खटकतंय.

या घाईच्या शब्दांचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. ज्याला खरोखर उपचारांची गरज आहे तो "आळशी" किंवा "लहरी" ठरून वर्षानुवर्षं तसाच राहतो. आणि जो आजारी नाही, फक्त घरच्यांशी पटत नाही किंवा चारचौघांसारखा वागत नाही, त्याच्यावर "वेडा" असा शिक्का बसतो. हा शिक्का पुढे सोयरिकीत, जमिनीच्या वाटणीत, घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरला जातो. म्हणून क्लिनिकल सायकॉलॉजी, म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्र, मानसिक आजाराची व्याख्या कशी करतं, हे सामान्य कुटुंबालाही माहीत असणं गरजेचं आहे.

रक्ताची तपासणी नाही, तरी निदान आहे

मधुमेह आहे की नाही हे रक्तातली साखर सांगते. हाड मोडलं का हे एक्स-रे सांगतो. नैराश्य, चिंताविकार किंवा स्किझोफ्रेनिया आहे असं ठामपणे सांगणारी रक्ताची तपासणी किंवा मेंदूचा फोटो मात्र रोजच्या वापरात आजही नाही. डॉक्टर थायरॉईड, ब जीवनसत्त्व बारा, साखर यांच्या तपासण्या करायला सांगतात, कधी मेंदूचा स्कॅनही करतात. पण ते मानसिक आजार शोधण्यासाठी नव्हे, तर मानसिक आजारासारखी लक्षणं देणारा शारीरिक आजार नाही ना, याची खात्री करण्यासाठी. थायरॉईड मंदावला तर माणूस मरगळतो, उदास दिसतो. म्हाताऱ्या माणसाला जोराचा ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग झाला तर तो अचानक असंबद्ध बोलू लागतो. रोज दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते. या गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात.

त्यानंतर उरतं ते माणसाचं बोलणं, त्याचं वागणं आणि घरच्यांनी सांगितलेली हकिकत. मानसिक आजाराचं निदान मुख्यतः यावरच उभं असतं. त्यामुळेच या शास्त्रात व्याख्येला आणि भाषेला इतकं महत्त्व आहे.

चार प्रश्न

एखादं वागणं आजाराच्या हद्दीत येतं का, हे पाहताना मानसशास्त्राची पाठ्यपुस्तकं साधारण चार गोष्टी तपासायला सांगतात.

पहिली, वेगळेपण. वागणं त्या समाजातल्या सर्वसाधारण रीतीपेक्षा फार वेगळं आहे का? पण ही कसोटी एकटी काहीच ठरवत नाही. लग्न न करणारा, रात्रभर जागून चित्रं काढणारा, कोणाशी फारसं न बोलणारा माणूस वेगळा असतो, आजारी असतोच असं नाही.

दुसरी, त्रास. त्या माणसाला स्वतःला यातना होतात का? नैराश्यात आणि चिंताविकारात हा त्रास ठळक असतो. काही आजारांत मात्र रुग्णाला आपल्याला काही झालंय असं वाटतच नाही. बायपोलर आजारात उन्मादाच्या काळात माणूस उलट फार आनंदात असतो, दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना वाटतो, भरमसाट खर्च करतो.

तिसरी, कामात अडथळा. नोकरी, शेती, दुकान, अभ्यास, स्वयंपाक, अंघोळ, नातीगोती यांपैकी काय बंद पडलंय? प्रत्यक्ष निदान करताना या कसोटीला मोठं वजन असतं.

चौथी, धोका. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता आहे का? इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं हिंसक नसतात. उलट मारहाण, फसवणूक आणि छळ त्यांच्याच वाट्याला जास्त येतो.

या चारही गोष्टी काळासोबत पाहिल्या जातात. एक दिवस उदास जाणं म्हणजे आजार नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न लागणं म्हणजेही नव्हे. लक्षणं किती दिवस टिकली, किती तीव्र आहेत आणि त्यांनी आयुष्यातलं काय थांबवलं, असा एकत्रित हिशेब मांडला जातो.

दोन ग्रंथ, एक पद्धत

प्रत्येक डॉक्टरने आपापल्या मनाने निदान करू नये म्हणून दोन वर्गीकरणं जगभर वापरली जातात. पहिलं जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी. त्यात सगळ्याच आजारांची यादी असते आणि मानसिक आजारांचं वेगळं प्रकरण असतं. त्याची सध्याची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दुसरं अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं डीएसएम. त्याची पहिली आवृत्ती १९५२ ची, पाचवी २०१३ ची आणि पाचवीचीच सुधारित आवृत्ती २०२२ ची. भारतात सरकारी दप्तरात आणि कायद्यात आयसीडीला महत्त्व आहे. शिक्षणात आणि संशोधनात दोन्ही वापरली जातात.

डीएसएमच्या १९८० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने निदानाची पद्धतच बदलली. त्याआधी एकाच रुग्णाला दोन डॉक्टर दोन वेगळी नावं देत असत. तिसऱ्या आवृत्तीने प्रत्येक आजाराची लक्षणं मोजून लिहिली आणि त्यातली किती, किती काळ हवीत हे ठरवून दिलं.

नैराश्याचंच उदाहरण घ्या. डीएसएममध्ये त्याची नऊ लक्षणं आहेत. सतत उदास वाटणं, कशातच गोडी न वाटणं, भूक किंवा वजन बदलणं, झोप कमी किंवा जास्त होणं, हालचाल मंदावणं किंवा जिवाची तगमग होणं, थकवा, आपण कुचकामी आहोत किंवा आपलंच चुकलं असं वाटत राहणं, लक्ष न लागणं, आणि मरणाचे विचार. यातली किमान पाच लक्षणं, दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळपास रोज, सलग दोन आठवडे हवीत. त्यात पहिल्या दोनपैकी एक तरी असलंच पाहिजे. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत दहावं लक्षण आहे : पुढे काही चांगलं होणारच नाही ही हताशा. दोन्हीकडे अट अशी, की या सगळ्याने माणसाचं जगणं अडलेलं असावं आणि ते दारू, औषध किंवा दुसऱ्या शारीरिक आजारामुळे नसावं.

मुदत आजारागणिक वेगळी असते. सगळ्याच गोष्टींची सततची काळजी हा चिंताविकार ठरवायला डीएसएम सहा महिने मागतं. स्किझोफ्रेनियासाठी डीएसएम सहा महिने म्हणतं, तर आयसीडी एक महिना. म्हणजे एकाच माणसाला, एकाच दिवशी, एका ग्रंथानुसार हा आजार आहे आणि दुसऱ्यानुसार अजून नाही, असं होऊ शकतं. यातून एक गोष्ट लक्षात येते. या रेषा निसर्गाने आखलेल्या नाहीत. अनुभव आणि अभ्यास पाहून तज्ज्ञांनी त्या आखल्या आहेत आणि गरज पडली तर त्या सरकवल्याही जातात.

दुःख की आजार?

रेषा आखणं किती अवघड आहे हे मृत्यूच्या शोकावरून दिसतं. नवरा गेल्यावर एखाद्या बाईला महिनाभर झोप नाही, अन्न गोड लागत नाही, कशात जीव रमत नाही. लक्षणं मोजली तर पाच सहज भरतात. मग ती आजारी म्हणायची का?

डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीत यासाठी सवलत होती. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर पहिले दोन महिने सहसा नैराश्याचं निदान करायचं नाही. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ही सवलत काढून टाकली आणि मोठा वाद झाला. काढण्याच्या बाजूचे म्हणाले, शोकात असलेल्या माणसालाही खरं नैराश्य येऊ शकतं, सवलतीमुळे त्याचे उपचार अडतात. विरोधक म्हणाले, साध्या माणुसकीच्या दुःखालाच तुम्ही आजार ठरवताय आणि गोळ्यांची बाजारपेठ वाढवताय.

पुढे दोन्ही वर्गीकरणांत "लांबलेला शोक" असा वेगळा आजार नोंदला गेला. आयसीडीनुसार तो किमान सहा महिन्यांनंतर आणि डीएसएमनुसार मोठ्या माणसांच्या बाबतीत किमान वर्षभरानंतर ठरवता येतो. तोही त्या समाजाच्या चालीरीतींपेक्षा शोक स्पष्टपणे जास्त लांबला आणि तीव्र राहिला असेल तरच. आपल्या समाजात दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध अशा टप्प्यांनी दुःखाला वेळ आणि सोबत दिली जाते. त्या काळात रडणं हा आजार नाही. पण मरणाचे विचार येत असतील, खाणंपिणं सुटलं असेल, तर "दुःखच आहे, होईल कमी" म्हणून वर्षभर वाट पाहायची नसते.

अंगात येणं

महाराष्ट्र, उत्तर कर्नाटक आणि गोवा या पट्ट्यात हा प्रश्न हमखास विचारला जातो. जत्रेत, आरतीच्या वेळी अंगात येणं हा मानसिक आजार आहे का?

आयसीडीची अकरावी आवृत्ती यावर स्पष्ट आहे. आपल्याला दुसऱ्या कोणत्या शक्तीने ताब्यात घेतलंय असं वाटून होणाऱ्या अवस्थेची त्यात नोंद आहे. पण ती आजार म्हणून नोंदवायची तर ती अवस्था नको असताना, पुन्हापुन्हा किंवा दीर्घकाळ येणारी हवी, समाजमान्य धार्मिक प्रथेचा भाग नसावी आणि तिच्यामुळे माणसाला मोठा त्रास किंवा अडथळा होत असावा. म्हणजे जत्रेत घटकाभर अंगात आलं, नंतर बाई घरी जाऊन नेहमीसारखी कामाला लागली, तर शास्त्र त्याला आजार म्हणत नाही. तीच बाई घरात, शेतात, कधीही भान हरपून पडते, अंगावर जखमा होतात, तिला स्वतःला हे नको आहे, तर ती उपचारांची बाब आहे.

देवळात जाणं आणि दवाखान्यात जाणं यात एकच निवडावं असं कोणी सांगत नाही. प्रश्न येतो तो मारहाणीचा आणि उपचार रोखण्याचा. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने-चाबकाने मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. अघोरी प्रथांविरुद्ध कर्नाटकातही २०१७ चा कायदा आहे. तामिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आलं नाही. त्या घटनेनंतर हा विषय देशभर गाजला. आज मानसिक आरोग्य कायद्यानुसार मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी आहे.

व्याख्या चुकतात तेव्हा

मानसिक आजाराची व्याख्या सत्तेच्या हातात गेली की काय होतं याचे दाखले इतिहासात आहेत. १८५१ मध्ये अमेरिकेतल्या सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने, मालकाकडून पळून जाणाऱ्या काळ्या गुलामांना एक मानसिक आजार असतो, असं मांडलं आणि त्याला भारदस्त नावही दिलं. स्वातंत्र्याची ओढ हाच आजार ठरवला गेला. समलैंगिकता डीएसएममध्ये आजार म्हणून नोंदलेली होती. १९७३ मध्ये अमेरिकन संघटनेने ती काढली आणि १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने.

हंगेरीत जन्मलेले अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ थॉमस झाझ यांनी तर १९६१ मध्ये मानसिक आजार ही कल्पनाच एक मिथक आहे असं पुस्तक लिहिलं. त्यांचं टोकाचं म्हणणं बहुतेकांनी स्वीकारलं नाही. पण जगण्यातल्या अडचणींना आजाराचं नाव देऊन माणसाचं स्वातंत्र्य काढून घेऊ नये, हा इशारा शास्त्राने ऐकला. जेरोम वेकफिल्ड यांनी १९९२ मध्ये मधली वाट सुचवली. आजार म्हणण्यासाठी दोन गोष्टी हव्यात : मनाची एखादी नैसर्गिक यंत्रणा बिघडलेली असावी, आणि त्या बिघाडाने माणसाचं नुकसान होत असावं. नुसतं समाजाला आवडत नाही, एवढं कारण पुरेसं नाही.

कारण एक नसतं

"कशामुळे झालं?" हा घरच्यांचा पहिला प्रश्न. त्याला एका वाक्यात उत्तर नसतं. १९७७ मध्ये जॉर्ज एंगल या अमेरिकन डॉक्टरने मांडलेली चौकट आज सगळीकडे शिकवली जाते. शरीर, मन आणि समाज या तिन्हींच्या गुंत्यातून आजार घडतो, असं ती सांगते.

शरीराच्या बाजूला आनुवंशिकता, मेंदूतली रसायनं, झोप, व्यसन, इतर आजार. मनाच्या बाजूला विचारांच्या सवयी, लहानपणचे अनुभव, स्वतःबद्दलचं मत. समाजाच्या बाजूला कर्ज, बेकारी, घरातली मारहाण, एकटेपणा, जातीचा किंवा शरीराच्या ठेवणीचा अपमान. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावंडांत एकाला स्किझोफ्रेनिया असला तरी दुसऱ्याला तो होतोच असं नाही. निम्म्याहून कमी वेळाच दोघांना होतो. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण ती विधिलिखित नाही. "त्यांच्या घराण्यातच वेड आहे" म्हणून सोयरीक मोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. आणि "आईबापांनी नीट वाढवलं नाही म्हणून झालं" हेही शास्त्राला मान्य नाही.

कोणाकडे जायचं, तिथे काय होतं

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिॲट्रिस्ट, हा एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. औषधं तोच लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रातून येतो. तो चाचण्या घेतो, मूल्यमापन करतो, बोलण्यातून उपचार करतो आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नाव, नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको, कारण "समुपदेशक" अशी पाटी लावून बसणाऱ्या प्रत्येकाकडे हे प्रशिक्षण असतंच असं नाही.

पहिल्या भेटीत सविस्तर मुलाखत होते. त्रास कधीपासून, आधी असं झालं होतं का, झोप-भूक कशी, घरात कोण, काम काय, व्यसन आहे का, मरणाचे विचार येतात का. मरणाबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. बोलताना रुग्णाचा पेहराव, नजर, बोलण्याचा वेग, विचारांची संगती, भास होतात का, स्थळ-काळाचं भान, स्मरणशक्ती यांची नोंद होते. लागल्यास प्रश्नावली किंवा मानसशास्त्रीय चाचणी घेतात. प्रश्नावलीचे गुण म्हणजे निदान नव्हे. मोबाईलवर दहा प्रश्नांची उत्तरं देऊन "मला नैराश्य आहे" असं ठरवणं म्हणजे घरच्या घरी कपाळाला हात लावून टायफॉईड ठरवण्यासारखं आहे.

बोलणारा कोणत्या भाषेत बोलतो?

निदान बोलण्यावर उभं आहे, तर सीमाभागातल्या आणि परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाचा प्रश्न इथे येतो. डॉक्टर कन्नड, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू बोलणारा, रुग्ण मराठी. बाजारहाटाची भाषा दोघांनाही येते. पण "जीव घाबराघुबरा होतो", "आतून पोखरल्यासारखं वाटतं", "हातपाय गळून जातात", "डोक्यात नुसता कालवा चाललाय" हे बाजाराच्या भाषेत सांगता येत नाही. मग तो "डोकं दुखतं, झोप नाही" एवढंच सांगतो आणि डोकेदुखीची गोळी घेऊन येतो. भारतातले कितीतरी रुग्ण मनाचा त्रास शरीराच्या शब्दांत सांगतात. ते लपवणं नसतं, तीच त्यांची भाषा असते.

दुभाषी म्हणून घरचं माणूस नेलं तर अडचण वेगळी. सुनेसमोर सासू मरणाचे विचार सांगत नाही. मुलासमोर बाप दारूचं खरं प्रमाण सांगत नाही. नवऱ्यासमोर बायको मारहाणीबद्दल बोलत नाही. डॉक्टरला एकट्याने भेटू द्या, असं रुग्ण सांगू शकतो, आणि चांगला डॉक्टर स्वतःहून ते करतो. भाषा आणि संस्कृती निदानात यावी म्हणून डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीत सोळा प्रश्नांची एक मुलाखत दिली आहे. तुमच्या लोकांत या त्रासाला काय म्हणतात, तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, आजवर काय उपाय केले, असे प्रश्न त्यात आहेत. रुग्णाच्या शब्दांना तिथे पुराव्याची किंमत आहे.

गोव्यातल्या संगत या संस्थेचा अनुभव इथे उपयोगी आहे. स्थानिक भाषा बोलणाऱ्या, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना मदत केली आणि त्याचा फायदा झाल्याचं संशोधन लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. मोठ्या पदव्यांइतकंच, ऐकणाऱ्याला आपली बोली कळणं महत्त्वाचं ठरलं.

कायदा काय म्हणतो

१९१२ च्या कायद्याच्या नावातच वेडेपणासाठीचा जुना इंग्रजी शब्द होता. १९८७ चा कायदा त्याच्या जागी आला आणि आता मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ लागू आहे. तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यातली व्याख्या थोडक्यात अशी : विचार, मनःस्थिती, आकलन, भान किंवा स्मृती यांतला असा मोठा बिघाड, ज्यामुळे निर्णयशक्ती, वागणूक, वास्तव ओळखण्याची क्षमता किंवा रोजच्या जगण्याच्या गरजा भागवण्याची क्षमता फार खालावते. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था त्यात येतात. मतिमंदत्व त्यात येत नाही.

कुटुंबांच्या दृष्टीने त्यातल्या काही तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

• माणसाची राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थिती, जात-धर्म किंवा समाजाच्या नीतिकल्पनांना न जुमानणं, या कारणांवरून कोणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही.

• पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आज तो आजारी आहे असं म्हणता येत नाही.

• मानसिक आजाराचं निदान झालं म्हणजे माणूस कायद्याच्या भाषेत "अस्थिर बुद्धीचा" ठरत नाही. ते ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा आहे. वाटणीच्या कागदावर सही घेताना किंवा हक्क डावलताना औषधांची चिठ्ठी दाखवणाऱ्यांना हे उत्तर आहे.

• आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं कायदा गृहीत धरतो, आणि तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य मानतो.

• आरोग्य विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसी घेताना कागद वाचून विचारून घ्यावं.

अपंग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत मानसिक आजारही आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर सवलतींसाठीचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर मिळणारं यूडीआयडी कार्ड देशभर चालतं, राज्य बदललं तरी.

आकडे आणि मदत

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं आढळलं. बारा राज्यांतल्या त्या पाहणीत मध्य प्रदेश आणि गुजरात होते. महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा नव्हते. उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं. म्हणजे दहा रुग्णांतले सात ते नऊ जण उपचारांविना.

ही दरी भरण्यासाठीचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम कर्नाटकातल्याच बळ्ळारीतल्या प्रयोगावरून उभा राहिला आणि १९९६ पासून देशात सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात या विभागाची चौकशी करता येते. मोठ्या सरकारी संस्थांपैकी धारवाडची डिम्हान्स, गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था, हैदराबादेत एर्रागड्डा, ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा, आणि महाराष्ट्रात रत्नागिरी, पुणे, ठाणे, नागपूर इथली मनोरुग्णालयं आहेत. फोनवर मदत हवी असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत मिळते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत वीस भाषा आहेत, त्यात मराठी आहे. कोणत्याही राज्यातून फोन केला तरी मराठीत बोलायचं आहे असं सांगावं.

घरात कोणी मरणाची भाषा बोलत असेल, निरवानिरव करत असेल, तर निदानाची वाट पाहू नये. त्याला एकटं सोडू नये, कीटकनाशकं, औषधांचा साठा, दोर हाताशी ठेवू नयेत आणि त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात न्यावं.

बाकीच्यांसाठी घरच्यांनी करायचं काम सोपं आहे. "वेडा आहे का?" हा प्रश्न सोडून द्यावा. त्याऐवजी एका कागदावर लिहावं : काय बदललं, कधीपासून, किती वेळा, आणि त्यामुळे काय अडलं. शक्य असेल तिथे त्या माणसाचेच शब्द, जसेच्या तसे, मराठीत. दवाखान्यात डॉक्टरला सगळ्यात आधी हीच माहिती लागते.